मरणानंतरची सोय आहे, मरणाआधीची करा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, कोल्हापूर

विषय: घरी शेवटचे दिवस काढणारे रुग्ण आणि त्यांच्या उशाशी बसणारी माणसं यांच्याबाबत

स. न. वि. वि.

पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराचे पैसे पडत नाहीत. होळी आली की पेठापेठांतल्या तालमी, मंडळं, शाळा शेणी गोळा करून तिथं पोचवतात. कोल्हापूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. माणूस गेला की इथं गल्ली आपणहून हलते. कुणी सामान आणायला जातं, कुणी पाहुण्यांना फोन लावतं, शेजारून जेवणाचा डबा येतो. रक्षाविसर्जन होईपर्यंत घरच्यांना फारसं काही बघावं लागत नाही.

माझं पत्र त्याच्या आधीच्या काळाबद्दल आहे. "आता घरी न्या, सेवा करा" असं डॉक्टर सांगतात, तिथपासून शेवटच्या श्वासापर्यंतचा काळ. तो कधी आठवडाभराचा असतो, कधी सहा महिन्यांचा. या काळातही गल्ली येते, पै-पाहुणे येतात, शहाळं ठेवतात, "कसं व्हतं माणूस नि कसं झालं" म्हणतात आणि निघतात. रात्री दोनला घास अडकला, पाठ फुटली, कळा सुरू झाल्या, की उशाशी बसलेली बाई एकटीच असते. सून असेल, लेक असेल, बायको असेल, ब्युरोतून पगारावर आलेली सेवेकरी मावशी असेल, क्वचित मुलगा असेल. तिला कुणी काही शिकवलेलं नसतं आणि विचारायला कुणी नसतं.

मी सरकारी नोकरीत परिचारिका होते. निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन अंथरूण धरलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग करते, नाकातली नळी आणि लघवीची पिशवी बघते, आणि ते करता करता घरच्यांना शिकवते. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरापासून राधानगरीकडच्या वाडीपर्यंत बहुतेक सगळीकडे मला पहिला प्रश्न एकच ऐकू येतो: "सिस्टर, मी बरोबर करतेय न्हवं?"

या प्रश्नाचं उत्तर देणारी व्यवस्था जिल्ह्यात उभी करा, एवढंच माझं मागणं आहे. खाली जे लिहिते आहे ते त्याच्याच तपशिलासाठी.

सगळ्यात जास्त छळ जेवणावरून होतो. म्हातारीनं खाणं सोडलं की घरात घबराट होते. कागल तालुक्यातल्या एका घरात सून सासूला सिरिंजनं भाताची पेज पाजत होती. दर घोटाला ठसका, डोळ्यांत पाणी, छातीत खुरखुर. मी थांबवायला सांगितलं तर ती रडायलाच लागली. आदल्या दिवशी आलेल्या नणंदेनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आईला उपाशी मारणार काय?" त्या सुनेला रुग्णालयातून निघताना कुणी पाच मिनिटं बसवून सांगितलं असतं, तर नणंदेचा तो टोमणा तिनं मुकाट ऐकून घेतला नसता. शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक आपोआप जाते आणि अन्न पचवायची ताकदही जाते. जेवण सोडल्यामुळे माणूस जात नाही. माणूस जायला लागला म्हणून जेवण सुटतं. जबरदस्तीनं घातलेला घास श्वासनळीत उतरतो आणि मग शेवटचे दिवस न्यूमोनियाच्या धापेत जातात. अशा वेळी तोंड ओलं ठेवायचं. स्वच्छ कापड किंवा गॉज पाण्यात बुडवून, पिळून, ओठ आणि जीभ पुसायची. ओठांना थोडं तूप किंवा व्हॅसलीन लावायचं. शुद्ध असेल आणि मागितलं तर चमच्याच्या टोकानं पाणी, आवडीची चव जिभेवर.

गंगाजल आणि तुळशीपत्राचंही असंच. ते द्यावं, अवश्य द्यावं, त्याशिवाय घरच्यांना समाधान मिळत नाही. पण गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात आठ-दहा जणांनी एकापाठोपाठ पळीभर पाणी ओतू नये. बोट बुडवून ओठांना लावलं तरी ते पोचतं. हे मी सांगितल्यावर एकाही घरात कुणी रागावलेलं नाही. लोकांना शहाणपण नको असतं असं नाही, त्यांना ते सांगणारं माणूस मिळत नाही.

दुसरी भीती घशातल्या घरघरीची. शेवटच्या दिवसांत घशातली लाळ गिळली जात नाही, ती श्वासाबरोबर वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं, गुदमरतायत. रुग्ण तोवर बहुधा शुद्धीच्या पलीकडे असतो, त्याला ऐकणाऱ्याएवढा त्रास होत नसतो. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच केलं तर आवाज कमी होतो, डॉक्टरांना सांगितलं तर लाळ कमी करणारं औषधही मिळतं. श्वास मध्येच थांबतो, मग परत खोल सुरू होतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जांभळे चट्टे दिसतात, लघवी कमी आणि गडद होते. ही लक्षणं घरच्यांना आधी माहीत असली तर मध्यरात्री रुग्णाला उचलून गाडीत घालण्याची धावपळ होत नाही आणि आयसीयूच्या दारात, नळ्यांच्या गराड्यात, नातवंडांपासून लांब शेवट होत नाही. ज्यांना रुग्णालयात न्यायचं आहे त्यांनी जरूर न्यावं. पण तो निर्णय ठरवून घेतलेला असावा, घाबरून घेतलेला नसावा.

आणि "जीव अडकलाय" ही आपली खास समजूत. तळमळ वाढली, हात हवेत फिरायला लागले, की कुणाची भेट राहिली, कुठला नवस राहिला, याचा शोध सुरू होतो. त्याला मी हसत नाही. मुंबईला असलेल्या लेकीचा आवाज फोनवर कानाशी धरल्यावर शांत झालेला बाप मी पाहिला आहे. ऐकू येणं बरंच शेवटपर्यंत टिकतं असं डॉक्टरही मानतात, म्हणून उशाशी वाटणीची आणि खर्चाची चर्चा करू नका, असं मी प्रत्येक घरात सांगते. पण भेटीगाठींच्या आधी दोन गोष्टी तपासायच्या असतात. लघवी तुंबली आहे का? शी होऊन किती दिवस झाले? पुष्कळदा जीव फुगलेल्या मूत्राशयात अडकलेला असतो, आणि लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घातल्यावर दहा मिनिटांत माणूस शांत झोपतो. हे ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही. कुणीतरी एकदा दाखवून द्यावं लागतं.

परदेशात या उशाशी बसण्याच्या कामाचं आता रीतसर शिक्षण मिळतं. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये 'एन्ड ऑफ लाइफ डूला' म्हणून माणसं तयार होतात. ती इंजेक्शन देत नाहीत, उपचार करत नाहीत. मरणाऱ्या माणसाशी आणि घरच्यांशी बोलतात, शेवट कुठं आणि कसा हवा हे विचारून ठेवतात, रात्र जागवतात, गेल्यानंतरही घरी येऊन जातात. आपल्याकडे हे काम आत्या, मावश्या, भावकीतली एखादी जाणती बाई करत आली. मरण घरात शिरलं की हिला बोलवा, असं जिच्याबद्दल ठरलेलं असे अशी एखादी तरी प्रत्येक गावात होती. बाळंतपणात जी जागा सुईणीची, तीच या दुसऱ्या दारात तिची. सरकारनं एके काळी सुइणींना बोलावून प्रशिक्षण दिलं, स्वच्छतेचं सामान भरलेली पेटी हातात दिली. येणाऱ्या जिवासाठी जे केलं, ते जाणाऱ्या जिवासाठी करायला काय अडचण आहे?

अडचण पैशाची किंवा योजनेची आहे असं म्हणायला जागा नाही. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, तिचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे नव्या नावाच्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या, त्यांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा स्पष्ट लिहिलेली आहे. आशांसाठी याच विषयाची प्रशिक्षण पुस्तिका केंद्रानं काढलेली आहे. आपल्या बाराही तालुक्यांत उपकेंद्रं आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत. आशांवर आधीच किती कामं लादलेली आहेत हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्या डोक्यावर फुकटात अजून एक वही ठेवा असं मी म्हणणार नाही. या भेटींचा वेगळा मोबदला ठरवा आणि मगच काम सांगा.

आता मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तंबाखू आणि माव्यानं जबडा गेलेली तरुण माणसं मी या जिल्ह्यात फार पाहिली आहेत. गालाला भोक पडलेलं, जखमेचा वास दारापर्यंत, आणि दुखणं असं की माणूस भिंतीवर डोकं आपटतो. जखमेच्या वासावर साधा उपाय आहे, मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ड्रेसिंगमध्ये वापरतात, डॉक्टरांना विचारून घरीही ते करता येतं. वास गेला की नातवंडं परत जवळ येऊन बसतात. दुखण्यावरचा उपाय मात्र कुलपात आहे. तोंडानं घ्यायची मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त आहे. ती दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघून द्यायची नसते. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पहिल्याच दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध लागतं. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं मरण ओढवत नाही आणि कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही. धाप लागलेल्यांनाही थोड्या मात्रेत तिचा आराम पडतो.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांची अशी गुंतागुंत केली की बहुतेक रुग्णालयांनी ही गोळी ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये संसदेनं कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली, आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकाच मान्यतेवर ती ठेवता येतील अशी सोय केली. म्हणजे दार उघडून बारा वर्षं होत आली. जिल्ह्यातल्या कोणकोणत्या संस्थांना ही मान्यता आहे, तिथं आज साठा आहे का, कुणाला भेटायचं, याची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागली पाहिजे. आणि मान्यता फक्त शहरात राहून चालणार नाही. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ आहे. त्याच्या मुलानं गोळ्यांच्या एका पाकिटासाठी पूर्ण दिवस आणि मजुरी घालवायची का? गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूर, शिरोळ इथल्या सरकारी रुग्णालयांत तरी ही गोळी मिळायला हवी. प्रत्येक ठिकाणच्या एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवलं की ते होण्यासारखं आहे.

प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. पुण्यात वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालू आहे. तिथं रुग्णासोबत घरच्या माणसाला ठेवून घेतात आणि सेवा कशी करायची ते शिकवून परत पाठवतात, एक पैसा न घेता. मुंबईत टाटा रुग्णालय आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन तर १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारं घर. आणि सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं केरळात. १९९३ मध्ये कालिकतला काही डॉक्टरांनी वेदनामुक्तीचा दवाखाना सुरू केला, पुढं मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच गट केले, आठवड्यातले थोडे तास देणारे स्वयंसेवक तयार झाले, त्यांत शिक्षक होते, रिक्षावाले होते, विद्यार्थी होते. २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं आणि पंचायतींनी स्वतःच्या पैशातून घरी जाणाऱ्या नर्स नेमल्या. हे सगळं वाचून मला पहिला विचार आला तो आपल्या दूध संस्थांचा. सहकार म्हणजे काय हे कोल्हापूरला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. ज्या जिल्ह्यात गावागावातून सकाळ-संध्याकाळ दुधाचा थेंबन्‌थेंब मोजून गोळा होतो, त्या जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेली माणसं मोजता येत नाहीत, हे मला पटत नाही.

मोजणीची गरज पुरासाठी तर आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बोटीत जनावरांचा, सोन्याचा, कागदपत्रांचा विचार झाला, पण कॅथेटर लावलेली आजी बोटीत कशी घ्यायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं आणि पुरात पहिली वीज जाते. जूनच्या आधी पूररेषेतल्या प्रत्येक गावात अंथरुणावरच्या रुग्णांची यादी आपत्ती व्यवस्थापनाकडे असावी आणि नदीचं पाणी इशारा पातळीकडे निघालं की पहिली गाडी त्यांच्या दारात जावी. निवारा केंद्राच्या शाळेत त्यांच्यासाठी खाट, मेणकापड आणि आडोसा ठेवावा.

सामानाचंही तसंच. हवेची गादी, डोक्याची बाजू वर करता येणारी फाउलर खाट, व्हीलचेअर, बेडपॅन, सक्शन मशीन. घरोघरी या वस्तू कर्ज काढून घेतल्या जातात आणि दीड महिन्यानं माळ्यावर पडतात. त्या बघितल्या की घरच्यांना भडभडून येतं आणि विकायचं मन होत नाही. ग्रामपंचायतीत, दूध संस्थेच्या एका खोलीत, शहरात तालमीच्या जागेत असं सामान ठेवून अनामत घेऊन नेता-आणता आलं, तर गरिबाचे केवढे पैसे वाचतील. काही मंडळं थोड्या प्रमाणात हे करतातही. जिल्हा परिषदेनं त्यांना निर्जंतुकीकरणाची पद्धत शिकवावी आणि दुरुस्तीला थोडा निधी द्यावा, बाकीचं कोल्हापूर बघून घेईल. हवेची गादी दिली म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही, हे मात्र गादीबरोबरच सांगायला हवं. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावर पांढरी पडली नाही, की जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. तिथं मालिश करायची नाही, पावडर थापायची नाही, फक्त भार काढायचा.

मग ती रात्र येते. घरी, आपल्या अंथरुणात, आपल्या माणसांत माणूस जातो. ज्या शांतपणासाठी एवढं केलं तो पहाटे दाखल्यावरून मोडतो. घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टरांनी नमुना ४ अ मध्ये कारणाचा दाखला द्यायचा असतो, आणि शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्यांनी तो फी न घेता द्यावा असं जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा सांगतो. प्रत्यक्षात फॅमिली डॉक्टर फोन उचलत नाहीत, दुसरे म्हणतात मी पेशंट बघितलेलाच नाही, आणि रडणाऱ्या घरातला मुलगा मोटरसायकलवर दवाखाने फिरतो. तिकडे पाहुणे आलेले, इकडे कागद नाही. पॅलिएटिव्ह सेवेत नोंद असलेल्या रुग्णाचा दाखला त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा महापालिकेच्या नागरी केंद्राच्या डॉक्टरांनी द्यायचा, असा एक आदेश काढा. त्याला खर्च काही नाही. नोंदणी २१ दिवसांत करायची असते, हेही कित्येकांना दाखल्यासाठी बँकेत अडल्यावर कळतं. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यावी लागतात, तोवर पंखा बंद, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. एवढं माहीत नसल्यामुळे इच्छा लिहून ठेवलेल्यांचे डोळेही वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आयुक्त महोदय, एक गोष्ट खास आपल्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपल्याला शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानंच ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांची सही पुरते. त्या इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी यासाठी पाठपुरावा केला, न्यायालयात गेले, आणि महापालिकेला असे अधिकारी नेमावे लागले. कोल्हापुरात हे काम कुणाकडे आहे, त्यांचं नाव, खोली आणि वेळ नागरी सुविधा केंद्राच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. ग्रामपंचायतींसाठी जिल्हा परिषदेनं तेच करावं. सोबत हेही लिहा की यात कुणाला मारायचं इंजेक्शन देण्याचा संबंध नाही, ते आपल्या देशात गुन्हाच आहे. बऱ्या न होणाऱ्या माणसाला यंत्रावर किती काळ ठेवायचं, एवढ्यापुरतंच ते आहे. हा कागद असला तर आयसीयूच्या बाहेर तीन भावांची भांडणं होत नाहीत.

शेवटी ज्यांच्यासाठी मला हे पत्र सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटलं त्या मावश्यांबद्दल. शहरात ब्युरोतून, खेड्यात ओळखीतून येणाऱ्या या बायका बारा-बारा तास, कधी चोवीस तास दुसऱ्याच्या आई-बापाचं हागणं-मुतणं काढतात. रुग्ण तिलाच सांगतो की मला भीती वाटते, कारण लेकरांना सांगून त्यांना दुखवायचं नसतं. तो गेला की तिनं दुपारपर्यंत पिशवी भरून निघायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी हजर व्हायचं. दहाव्याला तिला बोलावणं नसतं. ब्युरो आपलं कमिशन कापून घेतं, सुट्टीचा पगार नसतो, पाठदुखीला इलाज नसतो, सुईचं टोचलं तर हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसते. एका मावशीनं मला सांगितलं, "सिस्टर, माझ्या हातावर लई माणसं गेली, पण कुणी मला इचारलं न्हाई की तू जेवलीस काय."

या बायकांसाठी सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, किंवा नर्सिंग कॉलेजमध्ये दोन आठवड्यांचा वर्ग चालवा. उचलायचं कसं, कूस बदलायची कशी, तोंड, नळी, पिशवी, औषधांची वही, शेवटची लक्षणं, आणि मोबाइल बाजूला ठेवून नुसतं जवळ कसं बसायचं. मुस्लिम घरात कुराणातला यासीन हा अध्याय कधी वाचतात, रुग्णाला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, कसं वळवतात. जैन घरात सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवण्याच्या व्रताची, गोष्ट निघाली तर आपण मध्ये काय बोलू नये. लिंगायतांत देह बसवून दफन करतात, त्यासाठी पाय कधी घडी करावे लागतात. आपल्या जिल्ह्यात एकच मावशी महिन्याभरात या सगळ्या घरांत जाते, तिला हे आधी माहीत असलं तर त्या घरांचा केवढा आधार होईल. वर्ग पूर्ण केला की ओळखपत्र आणि लस द्या. महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावं, गेलेल्या माणसांबद्दल बोलावं, गरज असेल तिनं समुपदेशकाला भेटावं. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हे दोन्ही नंबर चालू आहेत, पण रात्री दोनला अंथरुणाशी बसलेल्या बाईला आपल्या तालुक्याची, आपली बोली बोलणारी नर्स फोनवर हवी असते. प्रत्येक तालुक्याला असा एक फोन द्या.

आणि एक पुस्तिका. वीस-पंचवीस पानांची, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर हातात पडेल अशी. तिचा मजकूर आम्ही काही निवृत्त परिचारिकांनी लिहून ठेवला आहे. तो डॉक्टरांनी तपासावा, चुका काढाव्यात, आणि जिल्हा परिषदेनं छापावा. आम्हाला त्यावर नाव नको आणि मानधनही नको. पुराच्या यादीसाठी पावसाळ्याआधी हालचाल व्हावी लागेल, म्हणून तिन्ही कार्यालयांनी मिळून एक बैठक लवकर लावावी ही विनंती. आम्ही मजकूर घेऊन येऊ, आणि सोबत दोन मावश्यांना आणू. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही एवढं बघा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोल्हापूर